लाल पानावरचं ‘तरीही पुढे जा’ हे बटण कुणाच्या हातात असावं?

मकरपुरा_नेटवर्क (धागाकर्ता)

मंडळी, बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीतल्या सहा लहान कारखान्यांचं नेटवर्क मी सांभाळतो. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर, यूपीएसमधलं कार्ड, नेटवर्कचा स्विच, कोपऱ्यातला जुना सर्व्हर, या प्रत्येक डब्याला आपलं एक वेब पान असतं. ते उघडलं की ब्राउझर लाल त्रिकोण दाखवतो. कारण साधं आहे. त्या डब्यानं स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट, म्हणजे ओळखीचा दाखला, दिलेलं असतं, आणि १९२.१६८ नं सुरू होणाऱ्या खासगी पत्त्याला बाहेरची कुठलीही मान्य संस्था सर्टिफिकेट देऊच शकत नाही, नियमानंच बंद आहे. डबा माझ्यासमोर, वायर माझ्या हातात, तरी पान लालच. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, मग ‘प्रोसीड’. दिवसातून वीस वेळा मी हे करतो आणि तिथे ते बरोबरच आहे.

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात अकाउंटच्या बेनना रोज संध्याकाळी गेटच्या कॅमेऱ्यात ट्रकचे नंबर बघायचे असायचे. त्यांच्या मशिनवर हे पान आलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. म्हटलं, “बेन, हे असंच येतं. आधी इथे दाबा, मग इथे. झालं.” त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर निळ्या पेनानं दोन ओळी लिहून घेतल्या आणि खाली दोन रेघा मारल्या.

गेल्या दिवाळीआधी अहमदाबादच्या एका प्रदर्शनात कंपनीचा स्टॉल होता. हॉटेलच्या वायफायवर कंपनीची मेल उघडताना बेनना तेच लाल पान दिसलं. मेल आमच्या स्वतःच्या डोमेनवर, साध्या होस्टिंगवर. त्यावर एचएसटीएस (सर्टिफिकेटमध्ये चूक दिसली तर पुढे जाऊच देऊ नको, अशी साइटनं ब्राउझरला दिलेली सूचना) लावायचं काम माझं होतं आणि ते मी केलेलं नव्हतं, म्हणून ‘प्रोसीड’ची सोय शिल्लक होती. बेननी दोन्ही पायऱ्या केल्या आणि पासवर्ड टाकला. पुढच्या आठवड्यात आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला आमच्याच मेलवरून ‘खातं बदललं आहे, यापुढे इथे पैसे भरा’ असं पत्र गेलं. त्यांनी शेठना फोन करून विचारलं म्हणून रक्कम वाचली.

पासवर्ड हॉटेलातच गेला हे मला सिद्ध करता येत नाही. हॉटेलचं लॉगिन पान मध्ये आलं तरी असंच दिसतं. पण मी बेनना विचारलं तेव्हा त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. “तमे ज तो कह्युं हतुं.” तुम्हीच तर सांगितलं होतं.

तेव्हापासून मनात घोळतंय. ते बटण मला लागतं, त्याशिवाय माझं काम होत नाही. पण तेच बटण तशाच रूपात बेनसमोरही येतं. ते असावं की नसावं, आणि असलं तर कसं? ज्यांनी या कामात वर्षं घालवली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

कोड_कारेलीबाग

उघडपणे लिहिलंत, आभार. वहीत तशा ओळी आपल्यापैकी पुष्कळांनी लिहून दिल्या आहेत.

हा वाद जुना आहे. २००८ साली फायरफॉक्स ३ आला तेव्हा मोझिलानं सूट देण्याची वाट मुद्दाम लांब केली होती. आधी ‘अपवाद जोडा’, मग वेगळी खिडकी, तिथे सर्टिफिकेट मागवायचं, मग खात्री करायची. लोक फार चिडले होते. क्रोममध्ये तेव्हा एका दाबात पुढे जाता यायचं. २०१३ साली बर्कली विद्यापीठ आणि गूगलच्या दोन संशोधकांनी अडीच कोटींहून जास्त इशारे प्रत्यक्ष वापरातून मोजले. सर्टिफिकेटच्या इशाऱ्याला क्रोमवर ७०.२ टक्के वेळा लोक डावलून पुढे गेले, फायरफॉक्सवर ३३ टक्के वेळा. दोन्हीकडचे लोक एवढे वेगळे असतील असं मला वाटत नाही, फरक बांधणीत आहे.

त्यातली एक गोष्ट तुमच्या बेनच्या बाबतीत महत्त्वाची. फायरफॉक्स एकदा दिलेला अपवाद कायमचा लक्षात ठेवायचा, तेव्हाचा क्रोम पुन्हा पुन्हा विचारायचा. ओळखीच्या डब्यासाठी रोज तेच पान आलं की माणूस ते वाचणं सोडतो आणि बोट आपोआप चालतं. पुढे क्रोमनं पानाची मांडणी बदलली, सुरक्षित बटण ठळक केलं, दुसरं ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली दडवलं, आणि दिलेली सूट आठवडाभर लक्षात ठेवायला सुरुवात केली. ही सूट त्या पत्त्यापुरती आणि त्याच सर्टिफिकेटपुरती असते. उद्या त्याच पत्त्यावर दुसरं सर्टिफिकेट आलं तर पान परत लाल होतं. सवलत अशीच अरुंद असावी असं माझं ठाम मत आहे.

---

सुरसागर_काठ

मी उलट बाजूनं लिहितो. बटण काढूनच टाकावं.

२०११ च्या ऑगस्टमध्ये इराणमधल्या एका माणसाला जीमेल उघडताना क्रोमनं अडवलं आणि त्यानं ते गूगलच्या मदत-फोरमवर लिहिलं. त्यातून उघडकीला आलं की डिजिनोटार या डच संस्थेत घुसून कुणीतरी गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट बनवलं आहे. पुढच्या तपासात सुमारे तीन लाख आयपी पत्ते या सापळ्यात आल्याचं दिसलं, जवळजवळ सगळे इराणचे. महिनाभरात ती संस्था दिवाळखोरीत गेली. गूगलच्या साइटना कुठल्या सर्टिफिकेट संस्था चालतात याची यादी क्रोममध्ये आधीच कोरलेली होती म्हणून तो अडला. बाकीच्या ब्राउझरांना ते सर्टिफिकेट रीतसर वाटत होतं. अशा वेळी त्या माणसापुढे ‘तरीही पुढे जा’ असतं तर?

म्हणूनच नोव्हेंबर २०१२ मध्ये एचएसटीएसचं मानक, आरएफसी ६७९७, आलं तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं की चूक आढळली तर वापरणाऱ्याला पुढे जाण्याचा मार्ग देऊ नये. साइटच्या मालकानं ठरवायचं, पाहुण्यानं नाही. तुमच्या मेलवर ते असतं तर बेनच्या वहीतल्या ओळी कामालाच आल्या नसत्या.

---

दांडियाबाजार

सुरसागर यांना +१. माझ्या आईच्या फोनवर ते बटण नसावं हे मला नक्की माहीत आहे. माझ्या लॅपटॉपबद्दल तेवढं नक्की सांगता येत नाही.

---

जुना_सर्व्हर

आईच्या फोनवर नसावं हे मान्य. पण ‘काढूनच टाका’ म्हणणाऱ्यांनी ४ मे २०१९ आठवावा.

फायरफॉक्सच्या अ‍ॅड-ऑनवर सही करणारं एक मधलं सर्टिफिकेट त्या दिवशी मुदत संपून गेलं. जगभर लोकांची अ‍ॅड-ऑन एकदम बंद पडली. त्यात स्क्रिप्ट रोखणारी होती, जाहिराती रोखणारी होती. ओळख लपवणारा टॉर ब्राउझर वापरणाऱ्यांचं स्क्रिप्ट रोखणारं नोस्क्रिप्टही गेलं, आणि त्यातल्या काहींसाठी ते अंगावर बेतणारं असतं. आपल्या अ‍ॅड-ऑनमध्ये काडीचा बदल झालेला नाही हे जाणणारा माणूस साध्या फायरफॉक्सवर काहीही करू शकत नव्हता, कारण सही तपासणं बंद करण्याची सेटिंग नेहमीच्या आवृत्तीत दिसते पण चालत नाही. डेव्हलपर, नाइटली आणि ईएसआर या खास आवृत्त्यांतच चालते. पहिली तातडीची दुरुस्ती आली तीही ‘स्टडीज’ नावाच्या सोयीतून, म्हणजे ज्यांनी खासगीपणा जपायला ती बंद ठेवली होती त्यांना आधी ती चालू करावी लागली.

मशिन माझं आहे. चावी बनवणाऱ्याच्या हातून चूक झाली तर दाराचा मालक बाहेर उभा राहावा, ही व्यवस्था मला पटत नाही.

आणि दुसरं. मकरपुऱ्यातल्या यूपीएस कार्डांचं, जुन्या स्विचांचं काय करणार? ती टीएलएस १.० (ब्राउझरशी होणारं बोलणं गुप्त ठेवण्याची जुनी पद्धत) पलीकडे बोलत नाहीत. २०२० सालापासून ब्राउझरांनी ते आधी इशाऱ्यामागे टाकलं, मग पूर्ण काढलं. मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ नं त्याला अधिकृत मूठमाती दिली. योग्यच केलं. पण डबा अजून दहा वर्षं चालणार आहे आणि शेठ तो बदलणार नाहीत. आज लोक काय करतात? त्याच डब्याचं साधं एचटीटीपी चालू करतात. म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली पासवर्ड उघडा तारेवर आला. वाट पूर्ण बुजवली की माणसं शेताच्या बांधावरून नवी पाडतात.

---

सुरसागर_काठ

बांधावरची वाट, हे पटलं. अ‍ॅड-ऑनचा प्रसंग मला माहीत होता, पण ‘स्टडीज’ चालू करावं लागलं हे आठवत नव्हतं. तरी माझा मुद्दा बाहेरच्या साइटबद्दल कायम आहे.

---

लेखापाल_अलकापुरी

मी सीएच्या ऑफिसात काम करते, तांत्रिक माणूस नाही. पण हा धागा वाचून हात थांबला म्हणून लिहिते.

आम्ही गिऱ्हाइकांच्या डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरतो. पोर्टलवर सही उमटावी म्हणून मशिनवर एक लहान सॉफ्टवेअर टाकायला लागतं. ते १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे आपल्याच मशिनवर, ऐकत बसतं. पहिल्यांदा सही करताना ब्राउझर अडतो. मग सूचनापत्रात लिहिलेलं असतं: नव्या टॅबमध्ये हा पत्ता उघडा, लाल पान येईल, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबा, ‘प्रोसीड’ दाबा. तारीख जवळ आली की आमच्याकडे दहा-बारा आर्टिकल्ड (शिकाऊ) मुलं एका रांगेत बसून हेच करतात. नवीन मुलगा आला की पहिल्या आठवड्यात त्याला हेच शिकवलं जातं, आणि शिकवणारी मीच असते.

आपल्याच मशिनमध्ये ते सुरक्षित असेलही. पण आज मला विचारलं की कुठल्या पत्त्यावर दाबायचं आणि कुठल्या नाही हे त्या मुलांना सांगितलंस का, तर नाही. मी फक्त दाबायचं कसं ते सांगितलं.

---

मकरपुरा_नेटवर्क (धागाकर्ता)

ताई, तुम्ही शेवटच्या वाक्यात लिहिलंत तेच माझ्या हातून झालं.

---

रावपुरा_आजोबा

मी निवृत्त इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा चोरबिर कुणी नसतो, घड्याळ चुकलेलं असतं. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपते, मशिन बंद-चालू केलं की तारीख कुठल्या तरी जुन्या १ जानेवारीवर जाते. मग प्रत्येक सर्टिफिकेट मशिनला ‘अजून जन्मलेलंच नाही’ असं दिसतं. गूगलच्या लोकांनीही २०१७ साली क्रोममधल्या या चुका तपासल्या होत्या. ज्यांचं कारण लावता आलं त्यांतल्या निम्म्याहून जास्त चुका साइटच्या नव्हत्या, वापरणाऱ्याच्या मशिनच्या किंवा नेटवर्कच्या होत्या.

आमच्या सोसायटीत मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. लाल पान दिसलं की आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. माझ्या जुन्या फोनवर मात्र हा उपाय चालला नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला, लेट्स एन्क्रिप्ट ही सर्टिफिकेट देणारी संस्था ज्याच्या भरवशावर चालायची ते जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं आणि बऱ्याच जुन्या उपकरणांवर चांगल्या साइट लाल झाल्या. अँड्रॉइडसाठी त्यांनी आधी तजवीज केली होती, पण माझा फोन फारच जुना.

आणि पान लाल झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नये हेही सांगतो. जुलै २०१४ मध्ये आपल्याकडच्या सरकारी एनआयसीच्या सर्टिफिकेट व्यवस्थेतून गूगलच्या डोमेनांची बेकायदा सर्टिफिकेटं निघाली होती. विंडोजच्या यादीला ती चालत होती, फायरफॉक्सच्या स्वतःच्या यादीला नाही. लगेच रद्द झाली, पण झालं ते झालं.

---

टेस्टिंगवाली

आता कामाचं लिहिते. मकरपुरा, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. ‘बटण असावं का’ हा ब्राउझर बनवणाऱ्यांचा. ‘बेनच्या मशिनवर असावं का’ हा तुमचा, आणि तो तुम्हाला आजच सोडवता येतो.

क्रोमला धोरणं असतात, म्हणजे मशिन सांभाळणाऱ्यानं लावायच्या सेटिंग. ‘एसएसएल एरर ओव्हरराइड अलाउड’ बंद केलं की त्या मशिनवर लाल पानावरून पुढे जाताच येत नाही. त्याच्या जोडीला ‘एसएसएल एरर ओव्हरराइड अलाउड फॉर ओरिजिन्स’ आहे, त्यात नेमके पत्ते लिहिता येतात. एनव्हीआरचा एक पत्ता लिहा, बाकी जग बंद. डोमेन सर्व्हर नसला तरी विंडोजच्या रजिस्ट्रीतून हे होतं.

पण त्याहून चांगलं म्हणजे कारखान्याचं स्वतःचं मूळ सर्टिफिकेट बनवा. एमकेसर्ट किंवा ओपनएसएसएल या साधनानं अर्ध्या तासाचं काम आहे. ते मूळ फक्त कारखान्याच्या मशिनांवर टाका, त्याच्या सहीनं एनव्हीआरला आणि स्विचला सर्टिफिकेट द्या. मग लाल पान येणारच नाही, आणि जेव्हा येईल तेव्हा खरंच काहीतरी बिनसलेलं असेल. माझ्या दृष्टीनं सगळी किल्ली इथे आहे. खोटे इशारे संपवले नाहीत तर खरा इशारा कुणी ऐकत नाही.

एकच कळकळीची विनंती. त्या मुळाची खासगी किल्ली (सही करायची गुप्त फाइल) तुमच्या लॅपटॉपवर ‘डाउनलोड्स’मध्ये पडू देऊ नका. ती ज्याच्या हाती लागली तो त्या मशिनांपुढे कुठल्याही बँकेचं सोंग घेऊ शकतो. पेनड्राइव्हवर, पासवर्डात, कपाटात.

---

छाणी_जकातनाका

क्रोममध्ये एक शब्द आहे ना, लाल पानावर नुसता टाइप केला की एचएसटीएस असलं तरी दार उघडतं? तो दिला की सगळ्यांचा प्रश्न सुटला.

---

कोड_कारेलीबाग

आहे, पण तो सगळ्यांना द्यायचा नाही यातच त्याचा उपयोग आहे. आधी ‘डेंजर’ होता, मग ‘बॅडआयडिया’ झाला, २०१८ च्या सुरुवातीला पुन्हा बदलला. बदल करणाऱ्यानं कारण लिहून ठेवलंय की ब्लॉग आणि सोशल मीडियावर तो फार पसरला आणि त्याचा गैरवापर होऊ नये म्हणून बदलतो आहोत. सोर्स कोड उघडा आहे, नवा शब्द तिथे थोडा झाकून ठेवलेला आहे. ज्याला तो शोधता येतो त्याला तो काय करतो हेही सहसा कळतं. अशी चाळणी मला कुठल्याही परीक्षेपेक्षा प्रामाणिक वाटते. इथे लिहिला की ती चाळणी फुटली.

---

छाणी_जकातनाका

समजलं. मी वरचा प्रश्न तसाच ठेवतो, शब्द विचारत नाही.

---

जुना_सर्व्हर

टेस्टिंगवाली यांचं सगळं मान्य. यूपीएस कार्डाचं तेवढं सांगा.

---

टेस्टिंगवाली

त्यासाठी वेगळं मशिन. जुना लॅपटॉप, जुना ब्राउझर, गेटवे रिकामा म्हणजे इंटरनेट नाही, आणि झाकणावर मोठं स्टिकर. त्यावर मेल उघडायची नाही, पेनड्राइव्ह लावायचा नाही. जाणकाराला हवी ती मोकळीक तिथे मिळते आणि ती त्या लॅपटॉपबाहेर जात नाही.

---

मकरपुरा_नेटवर्क (धागाकर्ता)

बारा दिवस झाले, काय केलं ते लिहितो.

सर्वात आधी मेलवर एचएसटीएस लावलं आणि सर्टिफिकेटचं नूतनीकरण आपोआप होईल असं केलं. हे टाळून चालणार नव्हतंच. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ असं ठरलेलं आहे. हातानं नूतनीकरण करणाऱ्याच्या साइट वारंवार लाल होणार आणि पुन्हा कुणीतरी कुणाला तरी वहीत ओळी लिहून देणार.

एनव्हीआरनं आमच्या मुळाचं सर्टिफिकेट घेतलं, दोन स्विचनी घेतलं. यूपीएस कार्डानं नाकारलं, त्याला २०४८ बिटांची किल्लीच पचत नाही. त्याच्यासाठी पिवळ्या स्टिकरचा लॅपटॉप पॅनेलच्या कपाटात ठेवला. ऑफिसच्या नऊ मशिनांवर धोरण लावलं.

मग बेनजवळ तासभर बसलो. सर्टिफिकेट कसं उघडायचं ते दाखवलं. त्याची ओळख पटवणारा शा-२५६ चा ठसा म्हणजे अंक-अक्षरांच्या ३२ जोड्यांची लांब ओळ. एनव्हीआरचा ठसा मी छापून त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. बेननी स्क्रीनवरची एकेक जोडी वाचली आणि मी दारावरच्या कागदावर बोट ठेवत गेलो. सतराव्या जोडीला त्या थांबल्या, “आठ की बी?” म्हणाल्या. चष्मा बदलून पुन्हा बघितलं, बी होता. बत्तीसही जुळल्यावर म्हणाल्या, “हे आहे होय! मला वाटायचं ते पान म्हणजे नुसता मशिनचा त्रास आहे.”

वहीतल्या त्या दोन ओळी त्यांनी स्वतः खोडल्या आणि खाली लिहिलं: १ तारीख बघणे, २ फोटो काढणे, ३ फोन. आजोबा, पहिली ओळ तुमची.

काल सकाळी पावणेदहाला त्यांचा फोन आला. मेल उघडत नाही, काही दाबलेलं नाही, फोटो पाठवला आहे. फोटोत ब्राउझरचं ‘घड्याळ मागे आहे’चं पान आणि खाली कोपऱ्यात ०१-०१-२०१५.

---

रावपुरा_आजोबा

सीआर २०३२ असेल. मशिन बंद करून प्लग काढा, बाजूची लहान खिटी दाबली की बॅटरी वर येते, अक्षरांची बाजू वर ठेवून नवी बसवा. मग बायोसमध्ये जाऊन तारीख घाला.

---

मकरपुरा_नेटवर्क (धागाकर्ता)

बसवली. चालू आहे.

एक मशिन अजून राहिलं. वजनकाट्यावर विंडोज ७ आहे, त्याच्यासाठी क्रोम १०९ वर थांबलेला. काट्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही असं विक्रेता म्हणतो. त्यावरून ड्रायव्हर लोक वजनाची पावती मेल करतात.

---

जुना_सर्व्हर

मेल त्यावरून काढा. पावती दुसऱ्या मशिनच्या फोल्डरमध्ये टाकू द्या, तिथून जाऊ दे. मी रविवारी मकरपुऱ्यातच आहे, अकराला काट्यापाशी येतो. सॉफ्टवेअरची मूळ सीडी असेल तर काढून ठेवा.